नखाखालचं पिल्लू

पोतं समजून तुम्ही आजवर किती जिवंत जीव ओलांडले असतील, सांगू शकाल? नाही ना? पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर, दवाखान्याच्या भिंतीला टेकून काहीतरी मुटकुळं पडलेलं असतं. आपण पाय जरा आखडता घेतो आणि पुढे जातो. हललं असतं तर थांबलो असतो, असं मनाची समजूत घालायला म्हणतो. हललंच नाही, मग आपला काय दोष?

असं वाटत असेल तर मोजणीबाईंची गोष्ट ऐकाच. रागवायचं असेल तर शेवटी रागवा.

मोजणीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ऑफिसनं ठेवलेलं. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला ते ऑफिस. लिफ्टवर ‘बंद आहे’ ही पाटी लागून इतकी वर्षं झाली होती की मध्यंतरी पाटीच झिजली म्हणून नवी करून लावली. लिफ्ट तशीच. वर एक लांबट खोली, पडदे कायम ओढलेले, पाच टेबलं, पाच मोठे स्क्रीन आणि कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर, जो दर दहा मिनिटांनी कुणीतरी पोटात गुद्दा मारल्यासारखा आवाज करायचा.

बाईंचं काम पांढरी अस्वलं मोजायचं. हसू नका. सगळेच हसतात. नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा बाईंच्या वडिलांनीसुद्धा विचारलं होतं, “बरं, आणि जोडीला काय, तारे?”

पार उत्तरेला, जिथे जमीन संपते आणि गोठलेला समुद्र सुरू होतो, तिथे ही अस्वलं राहतात. बर्फ हेच त्यांचं स्वयंपाकघर. बर्फाला भोक असतं, त्या भोकातून सील श्वास घ्यायला डोकं वर काढतो, अस्वल तिथे दबा धरून बसतं. बर्फ वितळला की स्वयंपाकघराला कुलूप. मग अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढत बसतात, समुद्र पुन्हा गोठेपर्यंत. पूर्वी हे कुलूप थोडे दिवस असायचं. आता लवकर लागतं, उशिरा निघतं. कुणाच्या धुरानं लागतं ते वेगळं सांगायला नको. आपण सगळे त्याच धुरात गाडी चालवत कामावर जातो.

तर त्या दिवसांत किनाऱ्याची माती तपकिरी आणि अस्वलं पांढरी, म्हणून मोजणी तेव्हाच व्हायची. एक विमान किनाऱ्यावरून फोटो काढत जायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं पुन्हा काढत यायचं, आणि ते फोटो तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या स्क्रीनवर. आख्खं अस्वल तांदळाच्या दाण्याएवढं. बाईंनी अकरा वर्षांत हजारो मोजली, पण डोळ्यांसमोर उभं असलेलं एकही कधी पाहिलं नव्हतं.

त्याआधी बावीस वर्षं बाई कापडगिरणीत तपासणीला होत्या. खालून उजेड सोडलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि बाई उभ्या. सुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की खडूची खूण. हजार हात कापडातला एक चुकार धागा त्यांना लांबून दिसायचा. गिरणीत एक रिवाज होता: करंगळीच्या नखाखाली झाकला जाईल एवढा दोष हा दोष नव्हे. कापड पास. गिरणी बंद पडली तेव्हा बाईंच्या हाती काही लागलं नाही. डोळे तेवढे राहिले आणि हे नख.

मोजणीच्या ऑफिसात सुरुवातीला नुसता गोंधळ. पांढरा दगड, उरलेल्या बर्फाचं ठिगळ, वाळलेला फेस, सगळ्यांनाच कुणीतरी अस्वल म्हणून लिहायचं. बाईंनी युक्ती काढली. दोन दिवसांचे दोन फोटो एकावर एक ठेवायचे आणि एकच बटण दाबत राहायचं. हा, तो, हा, तो. अस्वल असेल तर जागा सोडून उडी मारतं, दगड असेल तर बसून राहतो. ऑफिसात याचं नावच पडलं, उघडझाप. पण विमान काही रुळावरून जात नाही. ते जरा तिरकं गेलं की दगडही जरासे सरकायचे. मग किती सरकलं तर सोडून द्यायचं? यावर शिकलेल्या माणसांच्या दोन बैठका झाल्या, बिस्किटांचे पुडे संपले. तिसऱ्या बैठकीत बाई उठल्या, स्क्रीनजवळ गेल्या आणि करंगळी ठिपक्यावर ठेवली.

“नखाखाली राहिलं तर दगड. नखाबाहेर गेलं तर अस्वल. झालं.”

टाळ्या पडल्या. नियम पुस्तिकेत छापला गेला, दुसऱ्या ऑफिसांनीही उचलला. दहावी नापास बाईचा नियम मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाळू लागली. फिल्टरच्या वर बाईंचा फोटो लागला, करंगळी वर केलेला. बाई रोज पाणी प्यायच्या निमित्तानं तो बघायच्या. का बघू नये?

तो मंगळवार होता. किनाऱ्याची पहिली फेरी तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेली होती, आता दुसऱ्या फेरीचे फोटो आले होते. कोपरात वाकवलेल्या हातासारखी एक खाडी होती. तिथे पहिल्या फेरीत बाईंनीच तीन दगड लिहिले होते, एक मोठा, दोन बारके. नव्या फोटोत बारक्यातला एक नव्हता. आणि दुसरा बारका मोठ्याच्या डावीकडून उजवीकडे आला होता.

समोरच्या टेबलावर नकाशे काढणारा गृहस्थ बसायचा. त्याला सगळे नकाशेच म्हणायचे.

“नकाशे, जरा इकडे या.”

“चहा गार होईल, बाई.”

“होऊ दे. दगड कधी बाजू बदलतो का हो?”

“माझ्या सासरचे बदलतात.” हसत हसत तो उठून आला. स्क्रीनकडे बघितलं आणि कप हातातच राहिला.

बाईंनी पहिल्या फेरीचे फोटो काढले. मोठे केले, आणखी मोठे केले, कडा विरघळेपर्यंत. आणि उघडझाप सुरू केली. या खेपेला करंगळी मांडीवर होती.

मोठा ठिपका हलत नव्हता. बारके हलत होते. पहिल्या फोटोत दोघं मोठ्याच्या पोटाशी. दुसऱ्यात एक पोटाशी, एक तोंडाशी. बटण दाबलं की पोटाशी, पुन्हा दाबलं की तोंडाशी. आई हलली नव्हती कारण आई मेली होती. पिल्लं हलली होती, पण हलून हलून जाणार किती? दुधापासून तोंडापर्यंत. तेवढंच जग उरलं होतं त्यांना, आणि ते आख्खं जग बाईंच्या करंगळीच्या नखाखाली मावत होतं.

एका फोटोत असे शेकडो ठिपके असायचे. एकेका ठिपक्याला चार सेकंद. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी या तिघांना चार सेकंद दिले होते आणि कापड पास केलं होतं.

“हे नवे फोटो कधीचे?” नकाशेनं विचारलं.

“शुक्रवारचे.”

“म्हणजे शुक्रवारी हे एक जिवंत होतं.”

“चार दिवस झाले फक्त,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची मागे पडली तरी तशाच साहेबांच्या काचेच्या खोलीकडे निघाल्या.

अनाथ पिल्लू दिसलं तर हेलिकॉप्टर पाठवून उचलून आणायची सोय होती. बाईंच्याच कळवण्यावरून आजवर दोन पिल्लं वाचली होती. त्यामुळे हे तिसरंही वाचेल, साहेबांची सही झाली की झालं, असं बाईंना वाटत होतं. साहेब वयानं त्यांच्यापेक्षा लहान, माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

“मॅडम, बसा. पाणी घ्या.”

“पाणी नको, सही हवी.”

त्यानं फोटो बघितले. बराच वेळ बघितले. मग विचारलं, “या जागेची नोंद काय आहे?”

“दगड.”

“कुणी केली?”

“मी.”

“मग दगडासाठी हेलिकॉप्टर कसं मागू मी?”

“नोंद बदला!”

“बदलतो. पण कारण लिहावं लागेल. नियम चुकला म्हणून. आणि एकदा तसं लिहिलं की ही एक खाडी राहत नाही, मॅडम. अकरा वर्षांचे सगळे दगड उकरावे लागतात. दुसऱ्या ऑफिसांचेसुद्धा.” त्यानं आवाज खाली आणला. “आणि त्या दगडांतून अस्वलं निघाली तर काय होईल ठाऊक आहे? आकडा वाढेल. पेपरात येईल, अस्वलं वाढली. बर्फ गेला तरी मजेत आहेत. ज्यांना हेच ऐकायचंय ते रस्त्यावर नाचतील. चालेल तुम्हाला?”



साहेबानं कपाटातून एक फॉर्म काढला. “नियम तुमचा आहे. तुमच्या अक्षरात लिहून द्या, दहा मिनिटांत सही करतो. नाहीतर… हे बघा, एक पिल्लू आहे. जगेलच असंही नाही.”

घड्याळात साडेअकरा वाजले होते. पेन बाईंच्या हातात होतं. काचेतून समोरचा फिल्टर दिसत होता आणि त्याच्यावरचा फोटो. दहावी नापास बाई, करंगळी वर.

“एकदा नीट तपासते आणि उद्या देते,” बाई म्हणाल्या.

तपासायचं काहीच उरलं नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, साहेबालाही. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळी त्या फॉर्म पिशवीत घालून घरी गेल्या. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीजवळ वडिलांची खाट. कधीकाळी बंदरावर क्रेन चालवायचे, आता पोटाच्या दुखण्यानं वाळून चादरीखाली असून नसल्यासारखे. सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. वडील भिंतीकडे तोंड करून, सकाळी होते त्याच कुशीवर.

बाई दारातूनच कडाडल्या, “बाबा! दिवसभर असेच पडून होतात? खिडकीपर्यंत तरी उठायचं! जरा हातपाय हलवायला काय होतं?”

“हललं की भूक लागते, पोरी.” आवाज भिंतीकडूनच आला. “भूक लागली की खावंसं वाटतं, आणि खाल्लेलं पोटात ठरत नाही. त्यापेक्षा पडून राहावं. अंगात आहे तेवढं पुरवून वापरायचं.”

“मला क्षणभर वाटलं…”

“काय, गेलो?” म्हातारा खुदकन हसला. “अगं, दारातून काय कळणार? जवळ येऊन बघायचं. तू आपली उंबऱ्यातूनच निकाल लावतेस.”

बाई खाटेच्या कडेला बसल्या. चप्पल पायातच होती.

मेलेली आई समजली होती त्यांना. ती हलली नाही, ठीक. पण हे? जिवंत असून न हलणारे? भुकेचे, आहे तेवढी चरबी पुरवून वापरणारे, एकाच कुशीवर दिवसच्या दिवस काढणारे? नियम केला त्या वर्षी अस्वलं धष्टपुष्ट होती, हिंडत होती. आणि पुढे दरवर्षी किनाऱ्यावर दगड वाढत गेले. बाईंच्या ते लक्षातही आलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच नकाशेला म्हटलं होतं, “यंदा समुद्रानं दगड फार टाकलेत हो.” आणि नकाशेनं म्हटलं होतं, “टाकू दे, आपल्याला कुठे वाहायचेत.” दोघं पोट धरून हसले होते.

“काय झालं गं?” वडिलांनी मान वळवली. “कुणी मेलं का?”

“अजून नाही,” बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी त्या जिन्यात उभ्या होत्या. फॉर्मवर लिहिलं होतं: ‘नखाचा नियम मी केला. तो चुकला. जे हलत नाही ते दगडच असेल असं नाही. मी ज्यांना दगड लिहिलं ती तीन अस्वलं होती. जे उरलंय ते ताबडतोब आणावं.’ खाली सही, ठळक. साहेबानं शब्द पाळला, दहा मिनिटांत सही केली. बाईंनी स्वतः उत्तरेच्या तळावर फोन लावला. तिथली वैमानिक अकरा वर्षं फोनवरच ओळखीची, बाईंना ताई म्हणायची.

“ताई, आत्ता? आत्ता कशी निघू? हात पुढे केला तर हात दिसत नाही. धुकं उतरलंय.”

“कधीपासून?”



“पहाटेपासून. काल दिवसभर आकाश आरशासारखं होतं, ताई. काल का नाही सांगितलंत?”

बाईंनी फोन ठेवला नाही.  मग म्हणाल्या, “धुकं हटलं की निघ. मला विचारत बसू नकोस.”

बुधवार गेला. गुरुवार गेला. बाई कामाला बसायच्या, बटण दाबायच्या, पण दर तासाला नकाशे न विचारताच हवामानाचा कागद टेबलावर आणून ठेवायचा आणि काही न बोलता परत जायचा. बोलायची खोड असलेला माणूस गप्प झाला की खोली मोठी वाटायला लागते.

शुक्रवारी दुपारी फोन आला.

“पोचले, ताई. तिथेच उभी आहे.” वारा फोनमध्ये फडफडत होता. “आई चामड्याची पिशवी झालीय. पिल्लू तिच्या मानेखाली घुसलेलं होतं. मी बाहेर काढलं.”

“आणि?”

“मऊ होतं, ताई.”

“म्हणजे?”

“म्हणजे कडक झालं नव्हतं अजून. आज पहाटे गेलं असेल. जड काहीच नाही. मी एका हातानं उचललं.”

“दुसरं?”

“वाळलेल्या फेसात, पाण्याकडे तोंड करून पडलंय. पंधरावीस पावलांवर. ते खूप आधीचं.”  मग ती म्हणाली, “ताई, तुम्ही आहात ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

पंधरावीस पावलं. म्हणजे ते एक गेलं होतं नखाबाहेर. जायची हिंमत केली होती त्यानं. नेमकं तेव्हा वर विमान नव्हतं.

बाई फिल्टरपाशी गेल्या. पाणी प्यायल्या नाहीत. स्टुलावर चढून स्वतःचा फोटो उतरवला आणि कपाटामागे उलटा करून सारला. नकाशे मागे येऊन उभा होता.

“बाई, तुमचा नियम नसता तर आपण फेसालासुद्धा अस्वल म्हणत बसलो असतो.”

“माहीत आहे.”

“मंगळवारी सही केली असतीत तरी जगलंच असतं असं नाही.”

“तेही माहीत आहे. ते आता कधीच कळणार नाही, एवढंच.” बाई टेबलाशी बसल्या. “लिहा, नकाशे. कोपराच्या खाडीत तीन अस्वलं.”

त्यानं वही उघडली, पेन घेतलं आणि थांबला. “मेलेली कुठल्या रकान्यात लिहू? रकानाच नाही.”

अकरा वर्षं मोजणी चालली होती, आणि मेलेल्यांना रकाना नव्हता. बाईंनी पट्टी घेतली आणि समासात एक रेघ मारली. डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं तेव्हा त्यांनी आधी वही पुसली.

पुढे साहेब म्हणाला होता तेच झालं. जुने दगड पुन्हा बघायला घेतले, त्यांतून अस्वलं निघू लागली, आकडा वाढला. पेपरात आलं, ‘पांढरी अस्वलं वाढली.’ ऑफिसात फोन यायला लागले. कुणी टिंगलीनं विचारायचं, “काय हो, बुडाली म्हणत होतात ना तुमची अस्वलं? वाढली की!”

“वाढली नाहीत,” बाई दरवेळी तेच सांगतात, “पडून आहेत.” आणि ठेवून देतात फोन. नीट ठेवतात की आपटतात, ते समोरच्याच्या सुरावर.

घरी गेल्यावर आता त्या दारातून ओरडत नाहीत. चप्पल काढायच्याही आधी खाटेपाशी जातात आणि वडिलांच्या छातीवर हात ठेवतात. म्हातारा डोळे न उघडता म्हणतो, “आहे, आहे.” तरी बाई हात लगेच उचलत नाहीत.

अकरा वर्षांचे फोटो म्हणजे भिंतभर पेट्या. पाच टेबलांवरच्या पाच माणसांच्यानं ते संपायचे नाहीत. एकेका ठिपक्याला आता चार सेकंद पुरत नाहीत. बाई कधी कधी एकापाशी अर्धा तास बसतात. आणि इकडे दरवर्षी नवा उन्हाळा येतो, नवे फोटो येतात, बर्फाच्या कुलपाचे दिवस वाढतात.

म्हणून तुम्ही या. आठवड्यातले दोन तास काढा. शिक्षण कुणी विचारत नाही, डोळे शाबूत असले की झालं. टायरच्या दुकानावर, तिसरा मजला. लिफ्टची वाट बघू नका, जिना चढा. बाई खुर्ची देतील, बटण कुठलं ते दाखवतील. त्यांच्यासमोर हळहळत बसू नका, त्यांना ते खपत नाही. बसा आणि एकेका दगडाकडे नीट बघा.

आणि येताना करंगळीचं नख कापून या.